पस्तीस स्क्वेअर

मुर्तुझाभाईंनी काउंटरवर तीन अवजारं मांडली
आणि चहा सांगितला.
म्हणजे घाई नाही.

पहिलं सहाशेचं.
लोखंडी खोबणीत लग ठेवायचा, वरून हातोडी.
दुसरं दोन हात लांब,
आमच्या सासूबाईंच्या अडकित्त्याचा थोरला भाऊ.
तिसरं हायड्रॉलिक, लाल डबीत,
सोबत आठ डाया, प्रत्येकीवर आकडा कोरलेला.
"आकड्यावर जाऊ नका," भाई म्हणाले.
धंद्यात असं बोलणारा माणूस
एक तर मुरलेला असतो,
नाहीतर त्याने दुकान विकायला काढलेलं असतं.

"कशाला हवंय, ताई? इन्व्हर्टर?"
बोट, म्हटलं. शिडाची.
त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं.
गंगापूर धरणाचा चिखल
पट्ट्यापर्यंत वाळलेला होता.

शनिवारी सहाला वारा पडला.
शीड ओल्या चादरीसारखं लटकलं.
मी बटण दाबलं, तर मोटरने एकच कोरडं टक केलं,
जसं दार उघडण्याआधी कुणी विचार बदलावा.
मग एक वल्हं, दोन माणसं, दीड किलोमीटर पाणी,
आणि समोरच्या काठावर द्राक्षबागेत
एकेक लागत गेलेले दिवे.

केबलला डाख रूबेनने दिला होता.
"डाख दिलाय, आता हलायचं नाही," असं म्हणून.
डाख हललाच नाही.
तार तुटली ती त्याच्या कडेला,
ताठपणा संपून
लवचीकपणा सुरू होतो तिथे.
बॅटरीच्या झाकणाखाली हात घातला
तर लग एकटाच बोटात आला,
केबल खाली पडलेली.
मी म्हटलं, सांगितलं होतं.
तो म्हणाला, तू नेहमीच सांगितलेलं असतं.
किनाऱ्यापर्यंत मग फक्त वल्ह्याचा आवाज.

बावीस वर्षं अंबडला पॅनेल वायरिंग केलं मी.
दाबलेला लग बाहेरून सगळेच छान दिसतात.
आत काय आहे ते करवत सांगते.
"कापून बघू?" विचारलं.
भाईंनी गल्ल्याखालून हॅक्सॉ काढून दिला,
केबलचे तीन तुकडेही.

हातोडीवाला कापला:
तारा वेगवेगळ्या, मध्ये काळी भोकं,
पाहुण्यांसाठी घाईने भरलेलं कपाट.

हायड्रॉलिकची पस्तीसची डाय लावली, लग सैल.
पंचवीसची लावली,
तांबं दोन्ही बाजूंनी कानांसारखं बाहेर आलं.
"बोललो नव्हतो?" भाई.

अडकित्ता जमिनीवर टेकवला,
एक दांडा पायाखाली, दुसऱ्यावर सगळी मी.
अठ्ठावन्न किलो.
दांडे जवळ आले, अडले, पुन्हा आले.
कापलं.
षट्कोन. आत तार दिसेना.
एकोणीस पदरांचं एक तांबं झालं होतं,
करवतीच्या दातांनी चमकवलेलं.
मी ते नखाने खरवडून पाहिलं
आणि चहा प्यायले. गार झाला होता.

लग मात्र कल्हईचेच घेतले.
तांबट लेनमध्ये लहानाची मोठी झालेल्या बाईला
उघडं तांबं ओलीत ठेवू नये
हे सांगावं लागत नाही.
बारा घेतले, आठच्या भोकाचे.
अठराशे पन्नास अवजाराचे, लगचे वेगळे.
भाईंनी कापलेल्या तुकड्याचे पैसे धरले नाहीत,
तो त्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवला,
गिऱ्हाइकांना दाखवायला.

पायरी उतरताना लक्षात आलं,
दोन्ही हात दांड्यांवर असतील
तर केबल सरळ कोण धरणार?
तारेचं टोक लगच्या तळाला टेकलेलं हवं,
दाबताना केसभरही मागे सरलं
तर सगळा षट्कोन वाया.

रिक्षात बसून फोन लावला.
मांडीवर अवजार, आडवं, ड्रायव्हरला टोचणारं.

"रविवारी ये. धरायला."
बराच वेळ काही नाही.
मग: "कुठली आणलीस?"
अडकित्त्यासारखी.
"लग?"
पस्तीसचे.
"कल्हईचे?"
कल्हईचे.
"येतो," म्हणाला.
"वल्हं दुसरंही घेऊन येतो."