गरम मुठी

तिळामळच्या तिठ्यावर माझं गॅरेज,
वर पत्रा, खाली ऑइल प्यायलेली माती.
नोव्हेंबर सरता सरता रुजार आला,
पिवळ्या मडगार्डची पायलट स्टँडला लावली,
डिकीतून खोका काढला, म्हणाला,
हे बसव.

खोक्यावर बर्फाचा डोंगर,
डोंगरापुढे हेल्मेटातला कुणी परका.
आत दोन काळ्या मुठी, वायरींचा गुंता,
तीन दिव्यांचं बटण.
शाणू हसला. गोंयांत? हांगा?
इथे लोक बसण्याआधी सीटवर पाणी ओततात.

रुजार हसला नाही. हात पुढे केले.
बोटांची टोकं मेणाची,
नखांच्या बुडाशी निळसर.
बावीस वर्षं कुटबणच्या जेटीवर
फावड्याने बर्फ ओढला या हातांनी,
बांगड्यावर बर्फ, बर्फावर बांगडा.
मुकादमाने दिलेले हातमोजे
पहिल्याच महिन्यात फाटले.
बर्फ सोडून सहा वर्षं झाली.
बर्फाने सोडलं नाही.

परवा पहाटे कुशावतीच्या पुलावर धुकं,
मागे नर्सबाई, तिला सावर्ड्याची गाडी धरायची,
समोर पोदेराची सायकल.
"ब्रेक दाबला की नाही तेच कळेना," म्हणाला,
"हात होता तिथे. मी नव्हतो हातात."
पाव रस्ताभर. माणूस वाचला.
पावाचे पैसे भरून जे उरलं
त्यात हा खोका मागवला.

मग मी कामाला लागलो.
जुनी रबरं ब्लेडने उभी चिरली,
कणीस सोलावं तशी निघाली.
डाव्या मुठीचं भोक बारीक, उजवीचं मोठं,
उजवीला अ‍ॅक्सिलरेटरची नळी पोटात घ्यावी लागते.
शाणूने उलट घातली, शिव्या खाल्ल्या.
गम लावून फिरवत फिरवत आत ढकलायची,
मध्ये थांबलास की संपलास.
उजव्या वायरीला ढील ठेवायची,
नाहीतर मूठ पिळताना तार तुटते,
किंवा, त्याहून वाईट,
पिळलेली मूठ परत येत नाही.

माझी चूक वेगळीच झाली.
लाल तार सरळ बॅटरीला जोडली.
रुजार बटण बंद करायला विसरला,
आणि गाडी रात्रभर अंगणात
नसलेले हात शेकत बसली.
सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक.
तीन किलोमीटर ढकलत आला,
एक शब्द बोलला नाही.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
रिले घातला. आता किल्ली फिरेल
तेव्हाच मुठीत जीव.

हिरवा, पिवळा, लाल.
लालवर त्याने दोन्ही मुठी धरल्या,
इंजिन चालू, गाडी जागच्या जागी,
डोळे मिटले ते धुराने की कशाने,
मी पाना शोधत होतो.
"तळवा तापतो," म्हणाला, "पण बोटांची पुढची बाजू
लिव्हरवर थंडच राहते."
खरं आहे. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

केप्याच्या स्टँडवर नाव पडलं, रुजारची तंदूर.
पाव शेक रे, एक ऑम्लेट टाक रे.
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेच सगळे
पहाटे साडेपाचला रांगेत,
एकेक मिनिट, फक्त एक मिनिट,
त्याच्या हँडलला हात लावून उभे.

पैसे द्यायला आला तेव्हा जानेवारी.
एरवी खिसा पुढे करायचा, तूच काढ म्हणायचा,
नोटा त्याच्या बोटांतून मासळीसारख्या निसटायच्या.
त्या दिवशी इंजिन चालू ठेवून
पाच मिनिटं मुठी धरून बसला,
मग उतरला, आणि एकेक नोट
अंगठ्याने चोळत, कड चाचपत,
मोजून ठेवली माझ्या काळ्या हातावर.

शंभर कमी होते.
शाणूने तोंड उघडलं.
मी त्याला दहा नंबरचा पाना आणायला पाठवलं.