मधली पिन

हरवली ती माझ्याच हातून.
परड्यात विटांवर गिअरबॉक्स ठेवून
दोन्ही दांड्या मी एकदम ओढल्या,
आणि काळ्या तेलाबरोबर
करंगळीच्या नखाएवढं काहीतरी गटारीत गेलं.
आवाज झाला होता. मला वाटलं, खडा असेल.

मग वाघबिळाच्या चढावर
जीपनं एका दमात दोन गिअर धरले
आणि मागची चाकं जागीच थिजली,
म्हशीनं भर रस्त्यात बसकण मारावी तशी.
उसाच्या रिकाम्या ट्रॉलीमागं दोर बांधून
उद्यमनगरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

शेपिंग मशीनच्या आडून दस्तगीर शिकलगार म्हणाला,
"आधी कुठली दांडी वढलासा?"
मी गप्प.
"दोन्ही? मग गेलीच की ती."

भंगारवाल्यांना विचारून झालं. बेळगावला फोन झाले.
जालंधरहून एक आली कुरियरनं,
कापसात गुंडाळून, नथीसारखी.
बसवली, तर एकही दांडी जागची हलेना.
"आखूड असली तर दोघी पळत्यात,
लांब असली तर दोघी अडत्यात,"
एवढं बोलून तो चहाला गेला.

नसलेल्या वस्तूचं माप कुठून घेणार?
त्यानं लोडशेडिंगच्या काळातली मेणबत्ती काढली,
भोकात मेण भरलं, निवू दिलं,
नखानं उकरून काढलेली ती पांढरी गोळी
मायक्रोमीटरच्या जबड्यात अलगद धरली.
दोन दांड्यांमधलं अंतर.
अधिक एका खाचेची खोली.
एकाच.
फरशीवर खडूनं आकडे मांडले एकाखाली एक,
दुधाच्या हिशोबासारखे.
"दुसरी खाच मोजायची न्हाई. ती मोकळी पायजे.
एक दांडी सरली की ही दुसरीच्या खाचेत शिरती
अन् तिला म्हणती, थांब जरा."

माडीवर थोरले काका, सोप्यात धाकटे,
आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर हिराक्का,
मांडीवर शेंगांचं सूप.
आधी त्याचं संपू दे, एवढंच म्हणायची,
आणि कुणाचं तरी खरंच संपायचं.
ती गेली त्या आठवड्यात दोघं एकदम बोलले.
ते शेवटचं.
जीप तेव्हापासून परड्यात होती.
हे दस्तगीरला सांगणार होतो,
तोवर लेथ सुरू झाला.

पोलाद अर्जुनवाडचं, म्हणजे तिथल्या विहिरीवरच्या
ऑईल इंजिनाच्या व्हॉल्व्हचा दांडा.
तीस वर्षं वर-खाली करून चकचकीत झालेला.
त्याची निळी किस निघाली, कुरळी, गरम,
माझ्या चपलेवर पडली आणि चामड्याचा वास आला.
टोकं गोल केली. लाल केली. तेलात सोडली.
तेलात बुडवलं तरी इथं म्हणतात, पाणी दिलं.
तरी दोन थाऊ जास्तच भरली.
मग दगडावर घासत बसला, चार घासे, एक माप,
तीन घासे, एक माप,
बाहेर कुणीतरी मोटारीचं वायंडिंग घेऊन ताटकळत होतं.

ग्रीसचा ठिपका लावून त्यानं ती आत सोडली.
आता ती कुणाला दिसायची नाही.
एक दांडी सरकवली. दुसरीला जोर लावला.
हलली नाही.
तो हसला वगैरे नाही. हात पुसले.
"तीनशे द्या. पिनीचे चाळीस.
बाकीचे दिवसातनं चारदा फोन केलासा, त्याचे."
आणि चुन्याच्या डबीतून दुसरी पिन पुढं केली.
"दांडा पुरत होता, दोन केल्या.
तुमचा हात बघितलाय मी."

काल वाघबिळाला पहिल्यातून दुसऱ्यात टाकला.
काहीच झालं नाही.
शेजारी धाकटे काका होते, दरी बघत.
वळण संपल्यावर म्हणाले,
"थोरल्याला हे वळण कधी जमलं नाही."
सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याचं नाव काढलं.
मी मध्ये बोललो नाही.
खणात चुन्याची डबी
खडखड करत होती.