सेकंड

चौदा नंबरच्या मागावर धोटा अडखळतो,
काठाजवळ दोन धागे गळतात
आणि तो टॉवेल माझ्या टेबलावर येतो.
मी बोट फिरवते. शिक्का मारते : सेकंड.
बावीस वर्षं हेच.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चूक डोळ्यांच्या आधी बोटांना कळते.

त्या नोव्हेंबरात राजमणीच्या भाच्याचा फोन आला.
श्रीनिवास जहाजावर भात शिजवतो,
आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला.
म्हणाला, समुद्रात तेल सांडलंय, मावशी,
पक्षी काळे झालेत.
तसे अर्धे काळेच असतात, पण आता पोटसुद्धा.
लोक एकेकाला मांडीवर घेऊन धुतात
आणि पुसायला टॉवेल पुरत नाहीत.

टॉवेल पुरत नाहीत!
हे वाक्य सोलापूरनं कधी ऐकलं नव्हतं.

विडी घरकुलात त्या रात्री बायका
सुपात पानं घेऊन बसल्या होत्या,
हजाराला नव्वद कमी होत्या.
"पेंगविन म्हणजे?" नरसूबाईनं विचारलं.
राजमणीच्या नातवानं पाटीवर काढून दाखवला.
"हा तर कोर्टातला वकील," ती म्हणाली,
"केस हरून आलेला."
आणि हसता हसता कनवटीचे वीस रुपये
पहिले तिनंच टाकले
राजगिऱ्याच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात.

शेठ म्हणाले, सेकंड माल न्या, चार गठ्ठे,
तसाही पडूनच आहे.
पण गठ्ठ्याला पाय नसतात.
टेम्पो, बंदर, कागद, त्या कागदांचे आणखी कागद,
भाडं मालाच्या दुप्पट.
म्हणून जानेवारीत गड्ड्यावर आम्ही टेबल मांडलं
आकाशपाळण्याच्या पायथ्याशी.
शेंगाचटणी, कडक भाकरी
आणि वर कापडी फलक : पेंगविनसाठी.
लोक विचारायचे, तो चटणी खातो का?
महिबूबभाई टेम्पोवाले गंभीरपणे सांगायचे,
खातो, पण तिखट कमी.

तिसऱ्या दिवशी नान्नजचे एक आजोबा आले.
फलक वाचला. पुन्हा वाचला.
"आमच्या माळावर माळढोक होता," म्हणाले,
"माणसाच्या कमरेएवढा.
चालायला लागला की वाटायचं,
पाटील शेत बघायला निघालेत."
मग थोडं थांबून,
"त्याच्यासाठी कुणी टेबल नाही मांडलं."

कुणी काही बोललं नाही.
पाळणा वर जाऊन अडकला,
पोरी किंचाळल्या, पुन्हा खाली आला.
आजोबांनी पावशेर चटणी घेतली, साठ रुपयांची,
पाचशेची नोट ठेवली
आणि सुट्ट्यांसाठी थांबले नाहीत.
उरलेले पैसे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे
यावरून आम्ही रात्री भांडलो.

गठ्ठे गेले. उशिरा पोहोचले.
तोवर तेल बरंचसं ओसरलं होतं,
पक्षी मात्र अजून येत होते, एखाददुसरा.
एप्रिलात श्रीनिवासनं फोटो पाठवला :
कुणाच्या तरी मांडीवर, गुंडाळलेला,
फक्त चोच आणि एक रागीट डोळा बाहेर.
राजमणी सगळ्यांना पक्षी दाखवत फिरली.
मी काठ बघितला.
दोन धागे गळालेले. चौदा नंबर.
कोपऱ्यात अर्धा शिक्का, जांभळा,
ओला होऊन पसरलेला.

डबा आता रिकामा आहे.
वहीत चारशे चाळीस रुपये
अजून रकान्याबाहेर उभे आहेत.
रविवारी महिबूबभाईंचा टेम्पो नान्नजला जायचाय.
काय न्यायचं, कुणालाच माहीत नाही.
गवताला टॉवेल लागत नाही.
नरसूबाई म्हणते, आधी जाऊन
आजोबांचे सुट्टे परत करू,
मग तेच सांगतील
माळावर कुठं उभं राहायचं, आणि किती वेळ.