क्रमांक एकतीस

मला खरं तर पाहिजे होता
आमच्या बोळातल्या गटाराचा नकाशा.
नगरपालिकेच्या शिपायाने चुकीचा गठ्ठा काढला.

कसर लागलेला अर्ज. सन एकोणीसशे अठरा.
"आम्ही खाली सह्या करणाऱ्या, राहणार नाशिक,
घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो.
मत द्यावयास आम्हांस बोलावीत नाहीत
याचे कारण कळावे."
कृपा नको, मेहेरबानी नको.
कारण कळावे.
मी स्टूल ओढून बसले.

सह्या बेचाळीस.
पहिली बयोताई खांबेटे, मास्तरीण.
दौत तिचीच असणार, दारोदार फिरलेली,
कारण खाली खाली शाई पातळ होत जाते,
वाटेत कुठेतरी पाणी घातलंय.
चौदावीपाशी तेलाचं बोट.
विसावीच्या नावात मधली जागा कोरी:
नवऱ्याचं नाव लिहायचं म्हणजे घेणंच की ते.
बाविसावीचा अंगठा, दाबून दिलेला.

आणि एकतिसावी.
तिथे शाईच नाही.
टिंबं, बारीक, टोचलेली,
एकापुढे एक, कागद आरपार:
ठ
कू

मी तांबट आळीची. मला कुणी सांगायला नको.
अशी अक्षरं आमच्यात तांब्यावर काढतात,
टोकदार छिन्नी, हातोडीच्या टिचक्या.
घागरीवर सासऱ्याचं नाव, परातीवर देणाऱ्याचं,
आणि बाईचं बहुतेक ती गेल्यावर,
कुणाच्या तरी दाराशी वाटलेल्या गडव्यावर.
शाळेचं तोंड न बघता शिकली असेल ती,
भाता ओढता ओढता, तिरक्या नजरेने.
सगळ्यांत आधी 'कै' आलं असेल.
तेच जास्त लागतं.

दारात बयोताई म्हणाली असेल,
लेखणी धरता येत नसेल तर अंगठा दे.
अंगठा कशाला, अक्षर येतं मला,
असं म्हणून ही आत गेली असेल,
कागदाखाली पाट सरकवला असेल.
हे सगळं माझं.
कागदावर एवढंच आहे, समासात,
लाल शाईत, कारकुनाचा शेरा:
"क्र. ३१. ही सही नव्हे, भोके आहेत.
शिवाय घरपट्टीस या विधवेचे नाव सरस्वती असे लागले आहे.
ठकू कोण?"

ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं, सरस्वती.
ते तांदूळ कधीच शिजले, वाढले, संपले.
हिने सहीला माहेरचं नाव काढलं.

उत्तर कुणी दिलेलं नाही.
पुढचं पान तापाच्या साथीचं:
गंगेवर किती गेले, सरपण किती लागलं.
बेचाळिसांतल्या किती उरल्या
ते सरपणाच्या हिशेबात कळत नाही.
मत पुढे मिळालं. ते पुस्तकांत आहे.
आई निवडणुकीला जरीची साडी नेसायची
आणि कुणाला दिलं ते घरात सांगायची नाही.

पान उलटून बोट फिरवलं.
बयोताईची शाईसुद्धा विटकरी झालीय.
हे अजून खरखरीत.

साडेपाच झाले, शिपाई म्हणाला,
फोटो चालत नाही मॅडम.
मग गटाराच्या अर्जाची पावती
पालथ्या पानावर धरून
पेन्सिल आडवी घासली.
उलटं उमटलं.

नाव दरवाज्याकडून घरी आले.
आळीत आता ठोके थोडेच, कोरायला मशीन आहे.
डबा पुढे केला, पावती आरशासमोर धरून
वाचून दाखवलं.
"ठकू? कै. घालू ना आधी?"
नको, म्हटलं.
"मग स्मरणार्थ?"
तेही नको.
पोराने खांदे उडवले, मशीन सुरू केलं.

वीस रुपये झाले.
डबा गुळाचा आहे, मुंग्या लागतात.