डावीकडे निरोप, उजवीकडे उपक्रम

व्हरांड्यात फळा एकच,
म्हणून मी मधोमध रेघ मारली.
डावीकडे : दहावीचा निरोप समारंभ, शनिवार, साडेदहा.
उजवीकडे : पुढल्या सत्रातले उपक्रम.
रेघ जरा वाकडी गेली.
चित्रकलेच्या सरांची रेघ वाकडी, म्हणून
पाचवीतली दोन पोरं हसून राहिली होती.
हसू द्या.

उजवी बाजू आजच भरा, लांजेवार मॅडम म्हणाल्या,
पालक येतात, वाचतात,
यंदा पाचवीला एकवीसच नावं आलीत.
मग पिवळा खडू काढला, ठळक लिहिलं :
सव्वीस जून, शाळा सुरू.
बाकी महाराष्ट्राची तोवर घटक चाचणी जवळ आलेली असते,
आपली सुट्टी ऊन ठरवतं.
जुलै, वृक्षारोपण.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा,
लाकडी बैल ज्याचा त्याने आणावा,
शाळेच्या बैलाचं शिंग फेव्हिकॉलवर आहे, त्याला ओढू नये.
डिसेंबर, सहल, रामटेक आणि खिंडसी,
पैसे दोन हप्त्यांत चालतील.
प्रत्येकापुढे एक रकाना : जबाबदारी.

हॉलमध्ये तोवर माइक किंचाळत होता.
नववीनं तीस-तीस रुपये जमवलेले,
गोळीबार चौकातून आलूबोंडे आले,
चटणी पिशवीत, पिशवीला भोक,
आणि ते भोक मुख्य पाहुण्यांच्या शालीवर.
संबोधी गजभिये भाषणाला उठली.
कागदावर होतं, ही शाळा माझी आई आहे.
एवढं वाचून ती थांबली. कागदाची घडी घातली.
म्हणाली, शाळा शाळाच होती.
पंख्याखालची जागा मला तीन वर्षांत एकदा मिळाली,
आणि त्या दिवशी लाइट गेली होती.
सगळे हसले, लांजेवार मॅडमसुद्धा,
नंतर त्याच चष्मा पुसायला बाहेर गेल्या
आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

संध्याकाळी फळा पुसायला आलो
तर क्षितिज पराते उभा.
नवीन शर्ट, कॉलरला अजून टाचणी.
बोटानं दाखवत होता :
वृक्षारोपण, पाणी घालणे, जबाबदारी, क्षितिज पराते.
हे मी कधी लिहिलं?
हाताला सवय असते, हात लिहून मोकळा होतो.
मागच्या जुलैत आम्ही चाळीस रोपं लावली.
एकतीस बकऱ्यांनी खाल्ली, आठ अशीच सुकली,
एक कडुनिंब उरला, सायकल स्टँडजवळ,
आणि तो ह्याच्या बाटलीवर उरला,
मधल्या सुट्टीत ह्यानं न प्यायलेल्या पाण्यावर.

चुकून राहिलं रे, मी म्हणालो, आणि डस्टर उचललं.
राहू द्या न सर, तो म्हणाला.
मेमध्ये आमच्या गल्लीत नळ कुठं येते?
डबक्या घेऊन शाळेच्याच बोअरिंगवर यावं लागते मले.
एखादी डबकी टाकून देईन त्याले.
मी विचारलं, आणि जूननंतर?
पॉलिटेक्निक, लागला नंबर तर.
नाहीतर बाबासंगं इतवारीत, साडीच्या दुकानात.
हे त्यानं नळासारखंच सांगितलं.

मग माझ्या हातातला खडू घेऊन
नावापुढे लिहिलं, जूनपर्यंत.
जागा पुरली नाही.
अक्षरं घसरत खालच्या सहलीच्या ओळीत गेली,
रामटेकच्या डोक्यावर बसली.
कॉलरची टाचणी काढून त्यानं खिशात टाकली, निघाला.
फाटकाशी वळून ओरडला,
सर, पुढल्या पोराले सांगजा,
दुपारी पाणी नाही टाकायचं, मुळं शिजतात.

तेवीस वर्षं मी झाडाची चित्रं शिकवतो,
खोड, फांद्या, सावली कुठल्या बाजूला.
हे मला माहीत नव्हतं.
डावी बाजू पुसली. तिथं मोकळी जागा झाली.
तिथं लिहिलं : पाणी सकाळी सातच्या आत.