जबडा

बॉस्टनच्या बंदराजवळ, त्या अवाढव्य हॉलमध्ये
झेफेरिनो दोन दिवस एका राक्षसाचा जबडा जोडत होता.
खालचे सुळे बसले होते,
वरचे अजून खोक्यात.
त्या जबड्यातून पोरं आत शिरणार होती,
नवा खेळ जगाच्या आधी खेळायला.

दुपारी निरोप आला, कंपनी येत नाही.
आमच्या माणसांची काळजी, एवढंच.
हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं.
दाराशी सॅनिटायझरची बाटली तेवढी उभी,
लग्नात मुलाकडची की मुलीकडची
कळेना अशा पाहुणीसारखी.

त्यानं सुळे उतरवले.
स्क्रू मोजून डबीत भरले. एकशे एकोणचाळीस.
एक कमी.
गुडघे टेकून शोधत राहिला.
मजुरी काय, लावायचीही मिळते, काढायचीही.

शेजारी घडीचं टेबल.
ऑड्रा आणि तिचा भाऊ, दोघांचीच कंपनी,
चार वर्षं खपून केलेला खेळ, एक लॅपटॉप,
परत न मिळणारं भाडं.
न येणं परवडायला
कंपनी मोठी असावी लागते.

"भीती नाही वाटत?"
"वाटते ना," ती म्हणाली,
आणि दुसरा कंट्रोलर पुसून त्याच्यापुढे धरला.

तो क्षणभर थांबला.
मग हात पँटला पुसून घेतला.

पहिल्याच खड्ड्यात पडला. परत पडला.
भाऊ हसला, वहीत काहीतरी लिहिलं.

मागे, रिकाम्या चौकात,
लाल गालिचा पसरलेला होता तसाच.
जीभ तेवढी काढायची राहिली होती.