कारणासाठी एक ओळ

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्यांना गुलाबी चिठ्ठी मिळते.
नाव, इयत्ता, वेळ,
आणि कारणासाठी एक ओळ. एकच.
बावीस वर्षं मी त्या फाडून देते आहे.
मिनेसोटातल्या या खाणींच्या गावात कारणं ठरलेली:
गाडी सुरू होईना, बर्फ, झोप, पुन्हा बर्फ.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, नऊ चाळीसला,
आइला कांगसनं त्या ओळीवर लिहिलं
'कोचची गाडी',
आणि पेनाचं टोपण नीट लावून
पेन माझ्या कपात परत उभं केलं.
गेली नाही. हातमोजे काढत राहिली,
एक काढायचा, पुन्हा घालायचा.

लिंडग्रेनसाहेब म्हणाले, मार्लिस, दार लोटून घे.
म्हणाले, शनिवारी राज्याचा सामना आहे.
म्हणाले, पोरीची आई भडक डोक्याची, मी ओळखतो.
म्हणाले, एका माणसाचं आयुष्य आहे हे.
आहेच. मी कुठे नाही म्हणते?
ड्वेन प्रूशेकनं दोन हिवाळे
माझ्या अंगणातला बर्फ उपसलाय, एक पै न घेता.
म्हणाले, आधी आपण त्याच्याशीच बोलू,
आपसात.

दहा वाजता कवायत होती,
बंदूक घेऊन कुणी शिरलं तर काय करायचं, त्याची.
दिवे घालवा. कडी लावा. खिडकीपासून लांब.
भिंतीला पाठ, आणि चकार शब्द नाही.
शेरिफच्या कचेरीतली रेनाटा ब्लूम
एकेक दार हलवून बघत गेली, हातात घड्याळ.
चारशे मुलं, आणि ऐकू येत होती
फक्त पाइपांतली वाफ.

मी टेबलाखाली, गुडघे पोटाशी.
समोरच्या टेबलाखाली साहेब, टायची गाठ सैल.
आमच्या मधे आइला, अजून हातमोज्यांशी.
आणि मला एकदम कळलं,
हे तर आपल्याला येतंच.
दिवे घालवणं. कडी. चकार शब्द नाही.
याची कवायत आपण कधीपासून करतोय.

अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीनं
त्याच ओळीवर हेच दोन शब्द लिहिले होते.
मी ती चिठ्ठी 'इतर'मधे लावली.
तिचं नाव इथे घेणार नाही.
डुलुथला असते म्हणतात.
कोण म्हणतं, विचारू नका.
मीच चौकशी करत असते.

घंटा झाली, दिवे लागले.
रेनाटा म्हणाली, त्रेचाळीस सेकंद, शाबास.
मी म्हटलं, बाई, जरा थांबा. आणि चिठ्ठी पुढे केली.
साहेब म्हणाले, मार्लिस.
नुसतं नाव. पण त्यात माझं पेन्शनही होतं.

रेनाटानं वही काढली नाही लगेच.
खांद्यावरचा वायरलेस बारीक केला,
आणि आइलाला विचारलं, तुला कुठे बसायचंय?
एवढंच.
बावीस वर्षांत त्या खोलीत
कुठल्या पोराला कुणी हे विचारलेलं मला आठवत नाही.

मग एकदाच सांगायला लावलं, सात वेळा नाही.
तिचेच शब्द लिहिले, सुधारले नाहीत.
कोचला फोन करू दिला नाही साहेबांना,
त्याचीही बाजू लिहू, म्हणाली,
त्याच्या वेळेला, वेगळ्या खोलीत.

खरं काय झालं त्या गाडीत, मला ठाऊक नाही.
ते ठरवणं माझ्याकडे नाही,
साहेबांकडे तर नाहीच.
माझ्याकडे नऊ चाळीस आहे.
तेवढं मी कुणालाही खोडू देणार नाही.

शनिवारी चार-एकनं हरलो.
दुकानात दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत.
सोमवारी अंगणात गुडघाभर बर्फ, तसाच.
फावडं शोधायलाच अर्धा तास गेला.
शाळेत पोचले तेव्हा पहिली गुलाबी चिठ्ठी
मी माझ्यासाठीच फाडली.

आता नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्यात,
कारणासाठी चार ओळी.
साहेब म्हणाले, कागद वाया जाईल.
जातोच.
मुलं पहिल्या ओळीवर लिहितात, बर्फ.
खालच्या तीन कोऱ्या येतात.
येऊ देत.